उपासाचा वाफा

रोज शाळेत आल्या आल्या, खांद्यावरची पर्स उतरवण्याआधी, राजेश्वरीबाई प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या कुंडीत बोट खुपसून ओल बघत. मग ते बोट रुमालाला पुसत. वरकुट्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या बाईंचा एकही रुमाल त्यामुळे कधी पांढरा राहिला नाही.

नववीतली प्रतिक्षा विज्ञान प्रदर्शनासाठी ज्वालामुखी करायचा म्हणून त्यांच्याकडे गेली, तेव्हा बाई म्हणाल्या, "तो कसा फुटतो ते पुस्तकात आहे. तुला माहीत नसलेलं काहीतरी सांग."

प्रतिक्षाला एकच सुचलं. "आमचे आप्पा म्हणतात, खतासाठी मेंढरं बसवलेल्या रानाला तहान कमी लागते."

"खरं आहे का ते?"

"म्हणतात."

"मग बघ की!"

आप्पा तिचे आजोबा. मेंढरांमागं त्यांची उमर गेली. आता दारात मोजकीच उरली होती. घरामागं दोन वाफे झाले. एकात लेंडीखत, दुसऱ्यात नुसती माती. दोन्हीत मेथी, पाणी मापून सारखं. मग पाणी तोडायचं आणि आधी कोणता वाफा मान टाकतो ते पाहायचं.

पण पाणी तोडलं तरी दोन्ही सारखेच टवटवीत राहिले. बारामतीचं प्रदर्शन तोंडावर आलेलं. बाई स्वतः बघायला आल्या. नुसत्या मातीचा वाफा उकरला, तर हाताला लेंड्या लागल्या.

"आप्पा?" प्रतिक्षा म्हणाली.

"मीच टाकल्या की," आप्पा खाटेवरून म्हणाले. "एका पंगतीला बसवायचं, एकीला वाढायचं आन् एकीला न्हाय? आमच्यात न्हाय बा तसली रीत."

प्रतिक्षाला रडू फुटलं. "बाई, अंदाजानं आकडे लिहू का? कुणाला कळणार हाय?"

"तुला." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "प्रदर्शन राहू दे. पुन्हा पेर."

मग आप्पांकडे वळून म्हणाल्या, "पंगतीत उपासाचं माणूस असलं, तर त्याला आग्रह करता का?"

"छ्या! पाप लागंल."

"मग ह्या वाफ्याचा उपास आहे. खत चालत नाही."

आप्पा विचारात पडले. "पाणी चालतं न्हवं?"

"चालतं."

"मग हरकत न्हाय."

प्रदर्शनाला शाळेतून दुसऱ्या कुणाचा तरी ज्वालामुखीच गेला, बक्षीसही घेऊन आला. प्रतिक्षा त्या दिवशी आप्पांशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आप्पांनीच लेंड्या वेचून वाफा उकरून दिला, तेव्हा तिनं मुकाट्यानं बी टाकलं.

चैत्राच्या उन्हात पाणी तोडलं. नुसत्या मातीतल्या मेथीनं मान टाकली, तशी आप्पांनी खाट फिरवून तिकडं पाठ केली. पण लेंडीला हात लावला नाही. खताचा वाफा ताठ उभा होता. "आप्पा, खरं निघालं!" प्रतिक्षा ओरडली. बाई वाफ्याशी उकिडव्या बसून नुसत्या हसत राहिल्या.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीतच बाई झोपेत गेल्या. त्यांचं शेवटचं म्हणून प्रतिक्षाला आठवतं ते वाफ्याशी हसत बसल्या त्याच संध्याकाळचं. तिनं मेथी उपटून जुडी बांधली आणि बाईंच्या हातात दिली. बाई स्कूटीची डिकी उघडत म्हणाल्या, "माती झाड गं जरा, आत सगळी सांडते."