हौसाचा नंबर

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. शाळेत विज्ञान शिकवते, आणि "हिच्यासमोर काही सांगू नका, सगळ्याचा विचका करते" अशी घरात माझी ख्याती आहे. हेही मी घाबरले म्हणून लिहीत नाहीये. संताप झाला म्हणून लिहितेय... आणि तो अजून उतरलेला नाही.

दुष्काळातला उन्हाळा होता. शहराबाहेर जालना रोडला, शेंद्र्याच्या अलीकडे तेव्हा टॉवरवर टॉवर उठत होते. होर्डिंगवर स्विमिंग पूल आणि त्या होर्डिंगच्या मागे पत्र्याची वस्ती! सिल्लोड-गंगापूरकडची माणसं विहिरी आटल्यावर तिथे बांधकामावर आलेली. त्यांच्या मुलांसाठी एक परदेशी संस्था मे महिन्यात वर्ग चालवायची. शिकवायला तिकडची कॉलेजची मुलंमुली यायची — काही आठवडे राहायची, पोरांना लळा लावायची आणि विमानात बसायची. मी सुट्टीत दुभाषी म्हणून जायचे. त्या वर्षी क्लारा नावाची मुलगी आली होती. मनाने चांगली. माझा राग तिच्यावर नाही... बरं, थोडासा आहे.

वस्तीला पाणी टँकरचं. तो कधी येईल याचा नेम नाही, म्हणून बायका सकाळीच हंडे रांगेत मांडून कामावर जायच्या. हंडा जिथे, तिथे तुमचा नंबर. राखणीला घरातलं एखादं पोर. कुणाचा हंडा जरा पुढे सरकला की मारामारी — नुकतंच एकीचं डोकं फुटलं होतं.

कावेरी अशीच राखणीला बसायची. तिची आई, हौसा, आदल्या उन्हाळ्यात याच रांगेत चक्कर येऊन पडली ती उठलीच नाही. वडील साइटवर. पोरगी इतकी हुशार की हंड्याजवळ बसून मातीत काडीने गणितं सोडवायची, पण वर्गात गैरहजर. आणि नेमका त्याच वर्षी तिला मुलींच्या एका वसतिगृहाच्या शाळेत संस्थेच्या ओळखीने प्रवेश मिळणार होता. शेवटची परीक्षा दिली नाही, तर नाव कट.

संस्थेचे साहेब मला म्हणाले, "मॅडम, ज्यांना शिकायचं असतं ती येतातच."

"तुमच्या घरी नळ आहे ना?" मी विचारलं.

ते हसले. त्या हसण्यावर मला काय करावंसं वाटलं, ते इथे लिहिता येणार नाही.

परीक्षेच्या दुपारी मी कावेरीला हाताला धरून वर्गात आणलं. "मॅडम, हंड्याचं काय? पाणी गेलं तर बाप लई वरडंल." टँकरचा हॉर्न वाजला की पळ, मी तिला म्हटलं. राखणीची बाकीची पोरंही आत होती, कारण परीक्षेनंतर खाऊ मिळणार होता. बाहेर काळं कुत्रं नाही.

पेपर सुरू झाला आणि थोड्या वेळाने क्लारा घामाघूम होऊन आत आली. खूश! निरोपाच्या खेळांसाठी तिने जागा मोकळी केली होती. वाटेत "टाकून दिलेली" भांडी उचलून लिंबाखाली रचली होती — मोठी खाली, लहान वर. मोबाइलवर फोटोही दाखवला.

मी ताडकन उठले. "अगं, ते सगळ्यांचे नंबर होते!"

आम्ही दोघी धावत बाहेर आलो. साइटवरच्या बायका सुटून फाटकातून येतच होत्या. आणि...

रांग जागेवर होती. स्टीलचे हंडे, पितळी घागरी, रंगाचे डबे, सगळं जिथल्या तिथे. लिंबाखाली काही नाही. क्लारा एकदा मोबाइलमधला फोटो बघायची, एकदा रांग. बायका आल्या, आपापल्या भांड्यापाशी उभ्या राहिल्या. एकीचाही नंबर चुकला नव्हता. ती अख्खी रांग एकट्या कुणाला पाठ असणं शक्यच नव्हतं.

"इथे कोण होतं आत्ता?" मी विचारलं.

"व्हती की एक बाई," शांताबाई म्हणाल्या. त्या कावेरीच्या शेजारीण, साइटवर वरच्या मजल्यावर विटा वाहत होत्या. "कावेरीच्या हंड्याजवळ बसली व्हती, हिरव्या लुगड्यात. म्या वरून पाह्यलं. मला वाटलं, पोरगी पेपरला गेली म्हणून तुम्हीच बसवलं कुणाला."

"तोंड दिसलं?"

"नाय बा. पाठमोरी व्हती..."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हौसाला हिरव्यातच नेली व्हती ना."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला हिरवं नेसवूनच नेतात. उन्हात भास होतो, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि भासाने हंडे उचलले जात नाहीत, हे मलाही कळतं.

पण संताप पुढेच आहे. संस्थेच्या पत्रकात त्याच रांगेचा फोटो छापून आला, शेजारी क्लारा उभी. खाली काय, तर स्वयंसेविकेने वस्तीला रांगेची शिस्त लावली! क्लाराने स्वतः फोन करून "हे खोटं आहे" म्हणून सांगितलं, तरी कुणी बदललं नाही. कावेरीचा पेपर सगळ्यांत चांगला, तर साहेब म्हणाले, हजेरी कमी आहे. मी ऑफिसात इतका आवाज चढवला की शिपाई धावत आला. शेवटी संस्थेला बाजूला ठेवून वसतिगृहाच्या मुख्याध्यापिकांनाच भेटले आणि प्रवेश मिळवला.

ते हंडे कुणी लावले, हे मला आजही सांगता येत नाही. नवऱ्याने, सहकाऱ्यांनी दिलेली एकेक कारणं मी तपासून पाहिली, एकही टिकलं नाही.

जूनमध्ये कावेरीला सोडायला मीच गेले. पावसाचा पत्ता नव्हता. रिक्षा रांगेजवळून गेली, तेव्हा तिच्या बापाने मांडलेला हंडा उन्हात उभा होता. ती मागे वळून त्या हंड्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रडतेय. रडत नव्हती.

"मॅडम," ती म्हणाली, "म्या तर सुटले. पण मायला कुणी सांगंल का, आता ऊठ म्हणून?"