आई कोर्टात 'नको' म्हणाली होती

आई काल गेली.

तिचा सख्खा मुलगा पाहुण्यांत बसला होता.

लोक मला विचारत होते, हा कोण गं? माझा धाकटा भाऊ. सुरेश.

आमच्या घरादाराची माती एका शब्दाने केली. खावटी.

सातपुड्याच्या पायथ्याला आमचा पाडा. तिथे खावटी म्हणजे पावसाळ्याआधी सरकार देतं ते कर्ज. थोडी ज्वारी, थोडे पैसे. आईने एकदा दुभती शेळी विकून ते फेडलं होतं. तेव्हापासून तो शब्द निघाला की तिला धडकी भरायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बापाने वरणगावला दुसरा संसार थाटला. आई आम्हा दोघांना घेऊन माहेरी आली.

कुणीतरी सांगितलं, कायदा आहे, बायकापोरांना पोसावंच लागतं. धुळ्याच्या कोर्टात केस लागली. तेव्हा कायद्याने महिना पाचशेच्या वर मिळतच नसे. आम्हाला तेवढ्यातही दिवाळी होती.

तारखेला वकील आलाच नाही.

साहेबांनी सरळ आईला विचारलं, "बाई, तुम्हाला आणि मुलांना खावटी पाहिजे ना?"

"नही साहेब. खावटी नको."

"नक्की?"

"नको म्हनस ना साहेब."

अंगठा घेतला. केस संपली.

मराठीत 'पोटगी' असाही शब्द आहे. तो त्या दिवशी कुणाच्याच तोंडात आला नाही. माझा अजून संताप होतो.

व्हरांड्यात आई मला खुशीत सांगत होती, "गळामा खावटी बांधत व्हतात. मी साफ नको सांगी दिधं."

शेजारी तारखेला आलेली एक बाई बसली होती. तिने कपाळावर हात मारला.

"अवं बाई, ती खावटी नवरा देस. फेडनी पडत नही!"

आई धावत आत गेली. दुसऱ्यांचा पुकारा झाला होता. शिपाई म्हणाला, नवीन अर्ज करा.

नवीन अर्ज म्हणजे पुन्हा वकील, पुन्हा एसटी. ते जमलंच नाही. घरातलं धान्य संपत आलं, तेव्हा बाप दारात आला.

"कोर्टात तूच नको म्हणालीस ना?"

आणि तीन वर्षांच्या सुरेशला उचललं. आईने अडवलं नाही.

"तठे पोटभर तरी खाई," एवढंच म्हणाली. मग चुलीपुढे तोंड करून बसली.

नंतर ती वरणगावला त्याला भेटायला गेली होती. तो तिला बघून दारामागे लपला. ती परत कधी गेली नाही.

काल सगळं उरकल्यावर सुरेश माझ्याजवळ आला. चाळिशीला टेकलेला माणूस. खाली बघत म्हणाला,

"ताई, एक विचारू? आई कोर्टात खरंच म्हणाली होती का, की मी नको?"

त्या घरात त्याला हेच सांगून वाढवलं होतं.

मी त्याला खावटीचा अर्थ सांगितला. आपल्या पाड्यावरचा.

तो उठला आणि विझत आलेल्या चितेजवळ जाऊन बसला. अंधार पडला तरी उठेना.

आई, तू कर्जाला नको म्हणालीस. त्याला नाही.

त्याला सांगितलंय मी.

आता जा.