चौदा नंबरची खुंटी

चौदा नंबरच्या खुंटीवर माझं टोकन लटकत होतं. कात्री नव्हती.

सुपरवायझर साहू साहेबांनी हत्यारांचा बोर्ड दोनदा मोजला. मग मी मोजला. मग क्वालिटीच्या इन्स्पेक्टर मॅडमनी मोजला आणि घड्याळात पाहून वहीत वेळ लिहिली. साडेचार. समोर विमानाची शेवटची शेपटी उभी होती. सगळी झाकणं बंद, सगळी सीलं लागलेली, वर हळदीकुंकवाची बोटं. नारळ फुटला होता, पेढे वाटून झाले होते.

"चौदा नंबर किसका है?" मॅडमनी विचारलं.

ते सगळ्यांना माहीत होतं. तरी मी हात वर केला.

आमची शेड रायपूरला भनपुरीत होती, ट्रकवाल्यांच्या गोदामांमागे. शिकाऊ पायलटांसाठी दोन माणसांचं लहान विमान असतं, त्याचे भाग कंपनी वेगवेगळ्या ठिकाणी बनवायची. रायपूरच्या वाट्याला शेपटी आली होती. नातेवाईक हसायचे. "विमल, मंग डोकं कुठं बनते?" हसू द्या. मी चौथी शिकलेली बाई. बावीस वर्षं मी त्या शेडमध्ये विमानाच्या वायरी बांधल्या.

काम असं. शेपटीतून वायरींच्या जाड जुड्या जातात. त्या मेण लावलेल्या चपट्या दोऱ्याने चार-चार बोटांवर बांधायच्या. गाठ अशी हवी की जुडी सरकणार नाही आणि आतली वायर दबणार नाही. लोक विचारतात, प्लास्टिकची पट्टी का नाही लावत? पट्टीचं कापलेलं टोक धारदार असतं, आणि विमान आयुष्यभर थरथरतं. दोऱ्याला धार नसते.

हत्यारांचा नियम याहून कडक. बोर्डावर प्रत्येक खुंटीला नंबर, आणि खुंटीमागे त्या हत्याराची आकृती रंगवलेली. हत्यार घेतलं की तिथे आपलं पितळी टोकन लावायचं. संध्याकाळी हत्यार परत ठेवायचं, टोकन काढून घ्यायचं. पहिल्याच दिवशी एक गोष्ट पाठ करून घेतात. जे हत्यार डोळ्यांना दिसत नाही, ते विमानात आहे. घरी राहिलं असेल, नालीत पडलं असेल, तरी ते विमानातच आहे असं धरायचं. शेपटीचा पत्रा वरखाली हलतो तेव्हा विमानाचं नाक वर येतं. तो हलवणाऱ्या सळईत बोटभर कात्री अडकली, तर पायलटने कितीही जोर लावला तरी नाक वर येणार नाही. मग आत जे बसलेत त्यांचं काय होतं ते सांगायला शिक्षण लागत नाही.

लाइन बंद होणार हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. सगळं काम दक्षिणेत, कंपनीच्या मोठ्या कारखान्यात जाणार होतं. वायरिंगमध्ये आम्ही नऊ जणी. त्यातल्या सहा जणींना तिकडे नेणार होते. मला नाही. मला रिटायर व्हायला चार महिने उरले होते, आणि म्हातारीचं सामान कोण हलवतो? सहा जणींची पत्रं साहू साहेबांच्या ड्रॉवरमध्ये तयार होती. शेपटी गेली, कागद साफ निघाले, की त्यांच्या हातात पडणार होती.

म्हणून साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"विमलदीदी, गलती से घर ले गई होंगी. कल ले आना."

"मी नाही नेली."

"अरे, गोल बाज़ार में ऐसी सौ मिलती हैं."

"त्याच्यावर चौदा नंबर कोरला असते का साहेब?"

त्यांना मराठी समजायचं, मला हिंदी. बावीस वर्षं आम्ही आपापल्या भाषेतच भांडलो.

मॅडमनी फॉर्म काढला. मुलगी वयाने लहान, पण पेन घट्ट धरणारी.

"घर ले गईं?"

"नाही."

"आपके अलावा किसी और ने इस्तेमाल की?"

"नाही."

हे दुसरं नाही खोटं होतं.

पंचफुला आणि मी अठरा वर्षं समोरासमोर बसलो. मी गाठ मारायची, ती दोरा कापायची. गाठीवर दोन्ही हात असताना कात्री उचलायला गेलं की गाठ ढिली पडते, म्हणून. नियमात हे बसत नव्हतं. ज्याचं टोकन त्याचाच हात, असा नियम. पण आमची गाठ तपासणीतून एकदाही परत आली नाही, म्हणून कुणी बोललं नाही. डबाही आम्ही एकत्र खायचो. भाजी मी आणायची, भाकरी तिने.

पंचफुला विधवा. तिची सहा वर्षं नोकरी बाकी होती, आणि तिची एकुलती मुलगी त्याच दक्षिणेतल्या शहरात नर्स होती. सहांतलं एक पत्र तिचं होतं; ते मिळालं की ती मुलीजवळ राहायला जाणार होती. फॉर्मवर तिचं नाव आलं असतं तर पत्र गेलं असतं. म्हणून मी नाही म्हटलं, आणि तिच्याकडे पाहिलं. ती पेढ्यांचा रिकामा खोका घडी करत होती.

गेटवर मी तिला विचारलं, "पंचे, शेवटचा दोरा कापल्यावर कात्री कुठं ठेवली?"

"टेबलावर. तुह्यापुढंच तं ठेवली."

दुसऱ्या दिवशी शेपटी उघडली. आठ दिवसांचं बंद केलेलं काम एकेक स्क्रू काढून सोडवलं. नळीच्या टोकाला कॅमेरा लावून मॅडम तासन्‌तास आत पाहत राहिल्या. काही नाही. पुन्हा पाहिलं. काही नाही.

बायका आडून बोलल्या नाहीत, तोंडावर बोलल्या. फुलेश्वरी आमच्यात सगळ्यात तिखट. ती म्हणाली, "दीदी की नौकरी तो जा ही रही है. जाते-जाते हमारी भी ले के जाएगी."

"तुही नोकरी जाईन तं मी काय तिच्यावर बसून जाऊ काय?" मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. पंचफुलाही त्यांच्यात जाऊन बसली. मी बोर्डाकडे तोंड करून डबा उघडला. दोघींची भाजी होती. भाकरी नव्हती. नुसतं वांगं खाल्लं आणि उरलेलं घरी नेलं. घरीही खाणारं कुणी नव्हतं. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन दहा वर्षं झाली. पोरगा पुण्याला असतो.

त्यानंतरचा दिवसही तसाच गेला. डबा मी नेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर पाण्यासाठी पितळी गुंड भरत होते. पंचफुला आली. भांडं नव्हतं तिच्याजवळ. हातात रुमाल होता.

"हे घे," ती म्हणाली.

रुमालात कात्री होती. पात्यावर चौदा.

मी नळ बंद केला. "काहून?"

"तुही आठवण म्हणून. पेढे वाटून राहिले होते तवा उचलली. मले वाटलं लाइनच बंद होऊन राहिली, आता कोण मोजते."

"मोजली ना."

"मंग सांगायची हिंमतच नाही झाली."

"दोन दिवस ते शेपटी उकलून राहिले. तू बसून पाहत होती."

ती रडली. मी थांबले. रडणं संपल्यावर ती म्हणाली, "विमल, तूच सांग ना. घरी सापडली म्हन. तुले तं चारच महिने हायेत. तुहं काय जाते? माह्यं पत्र जाईन."

तिचं बोलणं अगदीच चूक नव्हतं. मी त्यावर खरंच विचार केला. नळ पुन्हा सोडला आणि गुंड भरेपर्यंत केला.

त्या शेपटीतल्या प्रत्येक जुडीच्या कागदावर माझी सही होती. फॉर्मवर मी सांगितलं होतं, घरी नेली नाही. आता नेली म्हटलं असतं तर मॅडमनी विचारलं असतं, बाई, तुमची आणखी कोणती सही खोटी आहे? मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं, आणि सगळ्या गाठी कापून पुन्हा बांधायला लावल्या असत्या. बाकी पाच जणींची पत्रंही त्यात अडकली असती. हे एक कारण. दुसरं कारण असं की मला चोर म्हणवून घ्यायचं नव्हतं. हे दुसरं कारण पहिल्याहून लहान होतं असं मी म्हणणार नाही.

"दहा वाजता मी मॅडमकडे चालली," मी म्हटलं. "तू येते का मी एकटी जाऊ?"

"तू अशी करशील असं नव्हतं वाटलं."

"मलेही तुह्याबद्दल नव्हतं वाटलं."

ती आली. शेडपर्यंत माझ्यामागे दहा पावलं अंतर ठेवून चालत आली. मॅडमसमोर तिने सगळं सांगितलं, न अडखळता. तेवढं तिच्या बाजूने लिहिलं पाहिजे. मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"आपने कहा था, किसी और ने हाथ नहीं लगाया."

"खोटं बोलली मॅडम. अठरा वर्षं तीच कापत होती."

त्यांनी ते लिहून घेतलं. कात्रीचं टोक भिंगाखाली धरून पाहिलं, कुठे तुकडा उडालेला नाही ना. उडालेला नव्हता. नंबर जुळवला. माझ्या सर्व्हिस बुकात मेमो लागला, बावीस वर्षांतला पहिला. साहू साहेबांनी ड्रॉवर उघडला, सहा पत्रांतलं एक काढलं. फाडलं नाही. खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि किल्ली फिरवली.

"साहेब, पाहा ना काही," मी म्हटलं. "चोरी नाही ती."

"दीदी, काग़ज़ पर तो वही है."

शेपटी चार दिवस उशिरा ट्रेलरवर चढली. पाच जणींना पत्रं मिळाली. त्या गेल्या त्या दिवशी स्टेशनवर जायला मला कुणी सांगितलं नाही, आणि मी गेले नाही. आठवड्याने टोकन जमा करायला शेडमध्ये गेले. हत्यारं पेटीत भरून गेली होती. बोर्डावर नुसत्या रंगवलेल्या आकृत्या होत्या, सगळ्याच रिकाम्या.

"अकेली आई हो दीदी?" साहू साहेबांनी विचारलं.

"हव," मी म्हटलं. सही केली आणि निघाले.

काही महिन्यांनी फुलेश्वरीचा फोन आला. मागे मोठ्या शेडचा आवाज होता. "दीदी, तुम्हारी पूँछ उड़ गई!"

"आत कोण होतं?"

"दो पायलट. अभी उतरे हैं, चाय पी रहे हैं." मग म्हणाली, तिकडे प्रत्येकीला स्वतःची कात्री आहे, मनगटाला दोरीने बांधलेली. दुसरीला द्यायची म्हटलं तरी देता येत नाही.

बरोबर आहे. आपल्या टोकनवर घेतलेलं हत्यार दुसऱ्याच्या हातात देऊ नये. हात ओळखीचा असला तर मुळीच देऊ नये. ओळखीच्या हाताची चूक झाकायला आपण खोटं बोलतो.

पंचफुला दोन गल्ल्या सोडून राहते. पापडाच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. मुलगी वर्षातून एकदा येते. नळावर ती सहाला येते, म्हणून मी साडेसहाला जाते. गोल बाजारात एकदा समोर आली, तर भांड्यांच्या दुकानात वळली. तिला भांडं घ्यायचं नव्हतं.

विमानातले दोघं सुखरूप उतरले. आम्ही दोघीही जिवंत आहोत.