'ओव्हरटाइम'मधला गिटारवाला

अवधपुरीतल्या अच्युतरावांना आयुष्यात एकच गोष्ट झकास जमली होती, आणि नेमकी तीच दुसऱ्याच्या नावावर लागली.

तरुणपणी कारखान्यातल्या पोरांनी 'ओव्हरटाइम' नावाचा रॉक बँड काढला होता. गिटार एकच, तीही कारखान्याच्या क्लबची. उदय गायचा, अच्युत वाजवायचा. अच्युतची रात्रपाळी असली की पहिला भोंगा होताच तो गिटार उदयच्या गळ्यात अडकवून सायकलकडे धावायचा, मग गाणं अर्ध्यावर का असेना. पाळी चुकवून कसलं आलंय संगीत! पुढे उदयनं नोकरीला रामराम ठोकला, मुंबईत नवा बँड काढून मोठं नाव कमावलं. अच्युत निवृत्त होईपर्यंत कारखान्यातच राहिला.

गेल्या वर्षी उदय वारला आणि चाहत्यांना त्याच्या पहिल्या बँडचं खूळ लागलं. त्यांच्यातला श्याम गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमाची टेप मिळवून, ती मोबाइलवर घेऊन अच्युतरावांकडे आला. गाण्याच्या मधली लांबलचक गिटार सुरू झाली आणि अच्युतरावांची बोटं आपोआप मांडीवर फिरू लागली.

"ही मी वाजवलीय."

"काका, सगळे तर उदयसरांची म्हणतात," श्याम चाचरत म्हणाला.

"मी पहिल्या रांगेत होते," अच्युतरावांच्या पत्नी कमलिनीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "गिटार संपली, मग भोंगा झाला, मग हे पळाले. टेपवर भोंगा असेलच की! त्याच्या आधीची गिटार यांचीच."

श्यामचा चेहरा पडला. "होता ना काकू. पण गाण्यात डिस्टर्ब करत होता, तर मी साफ करून टाकला."

"मग मूळ टेप लाव."

"ती तर कॉपी करतानाच तुटली. फेकून दिली. माझा भरोसा आहे हो काका, पण लोक सबूत मागतील."

पोरानं एवढ्या प्रेमानं केलेलं काम. त्याच्यावर रागवायचं तरी कसं? अच्युतरावांनी त्याला चहा पाजला.

क्लबात उदयची स्मृतिसभा झाली. श्यामच्या मोबाइलवरची तीच गिटार तिथं वाजली तशी उदयची बायको नलिनी हमसून रडू लागली. मग निवेदिकेनं जुना सहकारी म्हणून अच्युतरावांना मंचावर बोलावलं. "उदयजींनी त्या गणेशोत्सवात गिटार कशी वाजवली होती, सांगा ना."

अच्युतरावांनी नलिनीकडे पाहिलं. तोंडाशी आलेलं सगळं त्यांनी गिळलं.

"फार छान वाजवली," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कमलिनीबाई तेवढ्या उठून बाहेर गेल्या.