अर्धी कुपी

मी पांढुर्ण्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. मिक्श्चरच्या बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायची, एक खूण म्हणजे एक डोस. औषध दोन दिवस जास्त पुरवायचं तर पाणी वाढवायचं. ही विद्या कंपाउंडरला शिकवावी लागत नाही, आणि मला तर तिचा गर्वच होता.

नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, त्याच हिवाळ्यात माझ्या बायकोला क्षय निघाला. शेजारणींचं येणं बंद झालं. माहेरची माणसं दारातूनच विचारपूस करून परत सौसरला जात. घरात आम्ही दोघंच उरलो.

क्षयाचं नवं इंजेक्शन विलायतेहून यायचं. नागपूरच्या दुकानात मिळालं तर मिळालं, आणि महाग इतकं की तिच्या पाटल्या गेल्या. मी चिडून डॉक्टरांना विचारलं, "एवढे कारखाने निघून राहिले, मंग हे आपल्या इथं काऊन नाही बनवत?"

"बनवू देत नाही नं बाप्पा. ज्यानं शोधलं, हक्क त्याचा. पेटंट म्हणतात त्याले. त्याच्या परवानगीबिगर दुसऱ्यानं केलं तर तो कोर्टात ओढते. इंग्रजांच्या वक्ताचा कायदा, अजून तोच चालून राहिला."

म्हणजे इंग्रज गेला तो किल्ली खिशात घालूनच. मी दिवसभर त्याला शिव्या देत पुड्या बांधल्या.

रोज एक पूर्ण कुपी, खंड नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इंजेक्शन मीच द्यायचो. पण एकदा नागपूरहून रिकाम्या हातानं परतलो आणि गावाअलीकडचं तिगावचं स्टेशन येईपर्यंत एकच घोर लागला. पुढं मिळालंच नाही तर? दुसऱ्या दिवसापासून मी शिल्लक कुप्या अर्ध्या अर्ध्या करून द्यायला लागलो. डॉक्टरांना सांगितलं नाही, तिलाही नाही.

तरी ताप उतरला. तिच्या अंगावर मूठभर मांस आलं. आम्ही मोटारीनं जामसांवलीला जाऊन मारुतीला नारळ फोडला. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

दोन महिन्यांनी ताप परतला, खोकल्यातून रक्त आलं. आता मी पुऱ्या कुप्या दिल्या, पण औषध लागूच पडेना. डॉक्टर म्हणाले, "औषध कमी पडलं का जंतू त्याले सरावतात. तू कमी तं नाही देल्लं?"

"नाही," मी म्हणालो.

एका दुपारी तिनंही विचारलं, "तुमी पुरं देत होते न जी?"

"हो."

"मंग माह्याच नशिबात नसन. तुमी नका जीव जाळू."

खोटं मी बोललो आणि समजूत तिनं माझी घातली. पुढच्याच आठवड्यात ती गेली.

पुढं कायदा बदलला. औषधं इथंच बनू लागली, गरिबालाही परवडू लागली. कुणी डोस चुकवला की मी इतका ओरडतो, की लोक मला तिरसट म्हणतात. घरी एकट्यापुरता भात टाकतो. किती वर्षं झाली, अजून अंदाज येत नाही, उरतोच. गावात माझं नाव निघालं की म्हातारी माणसं सांगतात, बायकोच्या औषधपाण्यात यानं काही कमी पडू दिलं नाही. मी समोर असलो, तरी त्यांना अडवत नाही.