शिशाच्या गोळ्या आणि मालकांचा हात

आज घाटावर मी ओरडले. दुकानात मीठ मागतानाही माझा आवाज निघत नाही, आणि आज सगळ्या घाटानं मान वळवून पाहिलं! घरी आले आणि आधी लिहायला बसले आहे.

सांगलीत कृष्णेच्या काठाला आमचं घर, धंदा मासेमारीचा. फेकायच्या जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या लावतात, त्यांच्या वजनानं जाळं तळाला जातं. आमचे मालक जुन्या बॅटरीच्या प्लेटा आणून परसातल्या चुलीवर वितळवायचे, गोळ्या ओतायचे आणि एकेक गोळी दोरीवर बसवून दातानं चावून घट्ट करायचे. जाळं फेकतानाही कड दातात धरायची, दोन्ही हातांनी घेर उघडायचा आणि अंग झुलवून सोडायचं. माझं माहेर साताऱ्याकडचं, डोंगरातलं. नवी नवरी होते तेव्हा हे पाहायला मी भांडी घासायची सोडून उभी राहायची.

उन्हाळ्यात मालकांचा उजवा पंजा मनगटातून लोंबायला लागला. बोटं मिटायची, पण पंजा वर उठायचा नाही. जाळं पसरायचंच नाही, गोळा होऊन पाण्यात पडायचं. सासूबाई म्हणाल्या, "वारं गेलं हातावरनं." तेल लावलं, शेकलं, काही फरक पडला नाही. हा हात गेला तर आमच्या घरी चूल कशावर पेटणार, हाच घोर मला लागला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि मग मालकांना तोंड उघडायला लावलं. हिरड्यांवर निळसर रेघ होती.

"दादा, शिसं तोंडात धरता का?"

"मग कुठं धरू? हात दोनच हायत की, बाई."

त्या हसल्या, पण रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. चुलीच्या धुरातून नाकात आणि दातांवाटे पोटात, वर्षानुवर्षं जात होतं.

मग त्यांनी आपल्या दोन हातांची बोटं समोरासमोर आणली, पण टेकवली नाहीत. म्हणाल्या, "डोक्याचा निरोप नसांमधून हातापर्यंत येतो. पण एक नस संपते तिथे मध्ये फट असते. निरोप आला की नसेच्या टोकाला कॅल्शियम आत शिरतं, मगच तो पलीकडे जातो. शिसं कॅल्शियमसारखंच दिसतं. दारात तेच अडून बसतं, आत घुसून भलतीच गडबडही करतं. शिवाय नसेवरचं वेष्टणही खराब करतं."

ऐकता ऐकता मला आमच्या घाटावरची उतारू पलीकडे नेणारी नाव दिसली. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "म्हणजे उतारू आला की काठावरनं नावाड्याला हाक मारणारा माणूस असतो, त्याच्या जागी कुणी सोंगाड्या बसला. उतारू असला की गप बसतो, नसला की उगीच हाक मारतो आणि नाव रिकामीच जाती."

"अगदी असंच, मावशी!"

मालक माझ्याकडे बघतच राहिले. मला लाज वाटली, पण आनंद त्याहून जास्त झाला. एवढुशा फटीत एवढा कारभार! घरी येताना मी वाटभर स्वतःचीच बोटं उघडमीट करून पाहत होते.

सासूबाईंना पटेना. "आमी पिढ्यान्‌पिढ्या शिसं चावलं, कुणाचा हात पडला न्हाई." मी परसातली चूल मोडली, शिसं घराबाहेर काढलं आणि गॅरेजमधून लोखंडी नट आणून जाळ्याला ओवले.

"लगीन हाय व्हय जाळ्याचं? हार घातलाय!" सासूबाई म्हणाल्या.

औषधं चालू होती. मनगटाला पट्टी होती. पावसाळा सरला तरी पंजा खालीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वेळ लागेल, पुरता येईल असं सांगत नाही.

आज मालक हट्टानं पट्टी काढून पाण्यात उतरले. मी पायरीवर उभी होते. त्यांनी जाळं गोळा केलं आणि सवयीनं कड तोंडाकडे नेली. मला नट आठवलेच नाहीत.

"आवं! तोंडात न्हाई!"

मालकांनी मला थांबवायला हात वर केला. "अगं, लोखंड हाय ह्ये!"

मी लोखंड पाहिलंच नाही. उजवा हात होता तो. मनगटापासून पंजा वर आला होता, थरथरत, वाकडा, पण वर. मी बोट दाखवलं तेव्हा त्यांनी वळून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हातातलं जाळं तसंच पाण्यात सुटलं.

"पुन्हा वरड," ते म्हणाले.

मी पुन्हा ओरडले.