अकोल्याच्या रुखवताची तारीख

जानेवारीचा पहिला रविवार, सकाळी अकरा. ठरलेली रक्कम सात हजार दोनशे, पैकी तीन हजार आगाऊ. हजर : मी, माझी बायको, अकोल्याहून आलेली नवरीची आई आणि तिचा भाऊ. वस्तू : रुखवतासाठी सुपाऱ्यांची वरात. बैलगाडी, बँडवाले, वऱ्हाडी, घोड्यावर नवरदेव, सगळं सुपाऱ्यांचं.

बायको अमरावतीत घरीच रुखवताचं सामान करते. माझ्याकडे हिशेब आणि गिऱ्हाइकांना उत्तरं देणं. पैकी हिशेब सोपा. उत्तरांसाठी मी एक मेसेज तयार करून ठेवला आहे : 'वस्तू तयार व्हायला पाच आठवडे, पोचायला चार दिवस.' तो वाचून लोक अंगठ्याचं चित्र पाठवतात आणि लगेच विचारतात, ‘‘मग गुरुवारपर्यंत मिळेल ना?’’ एका बाईंनी तर फार शास्त्रशुद्ध शंका काढली होती. ‘‘हातानंच तर करता, मशीन थोडीच आहे? मग वेळ काहून लागते?’’

त्या रविवारीही मी पाच आठवडे सांगितले.

‘‘लग्नच चार आठवड्यांवर हाय, भाऊ,’’ नवरीची आई म्हणाली. ‘‘फेब्रुवारीचा पयला रविवार. पोरीची इज्जत तुमच्या हातात हाय.’’

‘‘करून टाका. काय त्यात!’’ नवरीच्या मामांनी एवढंच सांगितलं आणि दुसरा चहा घेतला.

बायको हो म्हणाली. लग्नाच्या सकाळी अकोल्याला येऊन वरात स्वतः मांडून द्यायचंही कबूल केलं. त्यांची अट एकच होती : खोक्यावर आमचं नाव नको. रुखवत नवरीनं आपल्या हातानं केलेलं असतं, ही समजूत मुलाकडच्यांची असते, मुलीकडच्यांची असते आणि ते पाहायला येणाऱ्या प्रत्येक बाईची असते. खोटं कोणीच बोलत नाही, फक्त कोणी विचारत नाही.

काम सुरू झालं, दिवसाही आणि रात्रीही. सुपारी घासायची, गोंदानं जोडायची, दोन दिवस वाळू द्यायची, मग रंग, मग पॉलिश. गोंदाला पोरीच्या इज्जतीचं काही पडलेलं नसतं. आम्ही घोडा टेबलफॅनसमोर ठेवला, तर त्याची शेपूट उडून गेली. इकडे अकोल्याहून रोज फोटोची मागणी. चौथ्या दिवशी बैलाचे पाय पाठवले तेव्हा उत्तर आलं, ‘‘छान. झालंच म्हणा की!’’

अशात जानेवारीच्या उत्तरार्धात परतवाड्याहून फोन आला. बायकोच्या धाकट्या भावाला मुलगी झाली. लग्नानंतर अकरा वर्षांनी पहिलं मूल. बायको सख्खी एकटीच आत्या, त्यामुळे बाळाच्या कानात नाव तीच सांगणार, हे तर जगजाहीर. नावही तिनंच निवडलेलं, बाळाच्या आईशिवाय कोणाला न सांगता. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘तुमाले बारशालेच समजन.’’

बाराव्या दिवसाचं बारसं. ते नेमकं त्याच रविवारी आलं.

मी कॅलेंडर तीन वेळा पाहिलं. कॅलेंडर बदललं नाही. सकाळी अकोल्यात रुखवत, दुपारी बाराला परतवाड्यात पाळणा, आणि मध्ये एसटीचे तीन तास. बायकोनं भावाला विचारून पाहिलं. तो तरी काय करणार, भटजी, आचारी, पाहुणे सगळं ठरलेलं. शनिवारी सकाळी तिनं त्याला फोन केला. ‘‘मी नाई येऊन राहिली रे. लग्नाचं काम घेतलं हाय, पोरीच्या मायले शब्द देला.’’ मग म्हणाली, कानात नाव सांगायला चुलत बहिणीला बोलाव. आणि मग, आवाज बारीक करून, तिनं ते नाव फोनवर सांगितलं. दुसऱ्या कोणीतरी सांगावं म्हणून. मी तेवढ्यात खोक्याला सुतळी बांधत होतो. नाव मला ऐकू आलं.

वरात कुरिअरनं पाठवायचा प्रश्न नव्हता. 'नाजूक' लिहिलेलं खोकं कुरिअरवाले जरा लांबून फेकतात, एवढाच फरक. म्हणून त्याच दुपारी मी खोकं मांडीवर घेऊन अकोल्याच्या एसटीत बसलो; बायको मांडायला रविवारी पहाटे येणार होती. खोक्यात माणसं अठरा, बैल दोन, घोडा एक. कंडक्टरनं फक्त माझंच तिकीट फाडलं, हा त्याचा मोठेपणा.

उद्याच्या लग्नघरासमोर मांडव नव्हता. मला वाटलं, हॉलवर असेल. दार एका मुलीनं उघडलं. केसांना मेंदी, हातात मोबाईल.

‘‘रुखवत आणलं,’’ मी हळूच म्हणालो. ‘‘नवरी कुठे आहे?’’

‘‘मीच हावो नवरी.’’ ती खूश झाली. ‘‘तुमी लय लवकर आले जी काका. लग्न तं महिन्याच्या आखरीले हाय. पाहू द्या तं, काय काय बनवलं मी!’’

मी खोकं खाली ठेवलं. तेवढ्यात आतून तिची आई आली. लाजली वगैरे नाही. पाणी दिलं.

‘‘लग्न उद्या नाही?’’ मी विचारलं.

‘‘भाऊ, तारीख अशीच सांगा लागते. तीन आठवडे आंधीची. टेलरले तेच सांगतलं, सोनाराले तेच, हलवायाले तेच.’’

‘‘हलवायानं उद्या पाचशे पानांचा स्वयंपाक करून ठेवला तर?’’

‘‘तो नाई करत. त्याले समजते.’’

हे मला लागलं. मी म्हणालो, ‘‘आम्ही पाच आठवडे सांगितले होते, ते खरे होते.’’

‘‘खरे म्हंजे?’’

‘‘म्हणजे पाच आठवडे.’’

‘‘त्यातले तुमचे सवडीचे दोन धरलेच असान ना?’’

‘‘एक दिवसही नाही.’’

तिनं माझा रिकामा पेला उचलला. मग खऱ्या काळजीनं म्हणाली, ‘‘असा धंदा कसा करता, भाऊ तुमी?’’

मी बाहेर येऊन बायकोला फोन लावला. लग्न उद्या नाही, हे सांगितलं.

‘‘मंग उद्या मी रिकामी हावो?’’

‘‘पूर्ण.’’

‘‘आन त्या चुलत बहिणीले सांगून बसली मी. तिनं साडीले इस्त्रीही केली असन.’’

‘‘मग काय करायचं?’’

‘‘काय करायचं म्हंजे? सकाळची गाडी कितीले हाय ते पाहा.’’

रविवारी आम्ही परतवाड्याला पोचलो तेव्हा पाळणा सजला होता आणि चुलत मेहुणी पाळण्याशेजारी आत्याच्या जागी बसलेली होती. बायको दारातच थबकली. रिकाम्या हातानं आलेली, कारण यायचंच नाही म्हणून बाळासाठी आधी काही घेतलं नव्हतं, आणि सकाळी दुकानं उघडायच्या आधी निघालो होतो. काल आपणच दिलेला मान आज परत कसा मागायचा, हा तिचा प्रश्न. भाऊ एकदा हिच्याकडे पाही, एकदा तिच्याकडे.

‘‘आली का लग्न लावून?’’ मेहुणीनंच विचारलं.

‘‘लग्न पुढं गेलं.’’

‘‘आमच्या नशिबानं गेलं म्हण!’’ मेहुणी उठली. ‘‘ये, बस इथं. नाव तू सांग. साडी मात्र मी देत नाई, नेसून झाली. आन बुक्क्या मीच मारतो.’’

बायको पाळण्याजवळ वाकली. बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि सांगून होताच तिच्या पाठीवर रिवाजाच्या बुक्क्या पडल्या. इतर बायकांच्या हळू होत्या. मेहुणीच्या मला ओसरीवर ऐकू आल्या. बायको हसत होती आणि डोळे पुसत होती. लागलं म्हणून, असं तिनं नंतर मला सांगितलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिनं अकोल्यात वरात मांडून दिली. तीन आठवडे नवरीच्या घरी पलंगाखाली राहून एका बँडवाल्याचा हात निखळला होता, तो जागेवर चिकटवला. हात आमच्याकडूनच कच्चा होता असं ठरून दोनशे कापले गेले. नवरीच्या कलेचं सगळ्यांनी कौतुक केलं. बायकोनंही केलं. बाकीचे चार हजार नवरीच्या आईनं तिच्या हातात दिले. त्यातले तीन हजार सहाशे तिनं पुढच्या मंगळवारी परतवाड्याच्या सराफाला दिले, भाचीच्या चांदीच्या वाळ्यांचे, घडणावळ धरून.